चित्राखालचं कातडं

कलेवरचं कुठलंही पुस्तक उघडा. पहिल्या पाचपन्नास पानांत 'माध्यमे' नावाचं एक प्रकरण सापडतंच. तैलरंग, जलरंग, टेंपेरा, भित्तिचित्र, संगमरवर, ब्राँझ, माती, लाकूड. प्रत्येकापुढं त्याचे गुणधर्म. तैलरंग सावकाश वाळतो. जलरंग पारदर्शक असतो. ब्राँझ टिकतं. सगळं खरं. फक्त एक रकाना कोरा असतो. हे साहित्य कुणी आणलं, कुणी कुटलं, कुणी उकळलं, आणि त्या उकळण्याचा वास ज्याच्या अंगाला चिकटला त्याचं घर गावात होतं की गावकुसाबाहेर? शाळेच्या दाखल्यावर जातीचा रकाना असतो. चित्राखालच्या पाटीवर नसतो. तिथं नुसतं 'कॅनव्हासवर तैलरंग' असं लिहून मोकळे होतात. मी आज तो कोरा रकाना भरायला बसलोय.

सरसापासून सुरुवात करू. सरस म्हणजे वरचढ, उत्तम. आणि सरस म्हणजे सुताराच्या डब्यातला, गरम करून लावायचा, नाकाला झोंबणारा चिकट पदार्थ. मराठीनं दोघांना एकच शब्द दिलाय. समीक्षकांना पहिला सरस माहीत असतो. दुसरा आम्हाला माहीत असतो.

दुसऱ्या सरसाशिवाय पहिला उभा राहत नाही. कॅनव्हास म्हणजे शेवटी कापड. त्यावर थेट तैलरंग लावला तर तेल कापडात मुरतं आणि कापड कुजतं. म्हणून विलायतेत शेकडो वर्षं आधी कापडाला सरसाचा हात द्यायची रीत होती. हा सरस बनतो कातड्याच्या कातरणीपासून, हाडांपासून. चुन्यात भिजवायचं, धुवायचं, तासन्‌तास मंद उकळायचं, गाळायचं, वाळवायचं. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ॲक्रिलिकचा हात आला, तोवर सगळ्या थोर तैलचित्रांखाली हेच कातडं होतं. राजा रविवर्म्यानं लक्ष्मी काढली, सरस्वती काढली, ती याच विलायती तैलरंगाच्या पद्धतीनं. देवी वर बसली. खाली जनावर उकळून अंथरलेलं.

काळा रंग घ्या. हाडं हवा लागू न देता भाजली की जो कोळसा उरतो, त्याची पूड म्हणजे चित्रकाराचा एक जुना काळा. नळीवर त्याचं नाव 'आयव्हरी ब्लॅक'. नाव हस्तिदंताचं, माल गुराच्या हाडांचा. बाजाराची ही जुनी खोड आहे. आमच्या घामाला स्वतःच्या नावानं विकता येत नाही, त्याला हत्तीचं नाव द्यावं लागतं. ब्रश घ्या. तैलरंगाचा ताठ ब्रश डुकराच्या केसांचा. ज्यांची डुकरं वस्तीत दिसली म्हणून पांढरपेशे नाकाला रुमाल लावतात, त्याच जनावराचे केस हातात धरून हे 'निसर्गदृश्य' काढतात.

आणि फोटो? बाबासाहेबांचे जे काळे-पांढरे फोटो आपण भिंतीवर लावतो, ते ज्या फिल्मवर आणि कागदावर उतरले त्यावर चांदीच्या क्षारांचा थर असे. तो थर धरून ठेवायला जिलेटिन लागतं. जिलेटिन म्हणजे हाडाकातड्यातून काढलेला, शुद्ध केलेला सरसच. महाडच्या माणसाचा चेहरा आपल्यापर्यंत पोचला तो ह्या थरावर बसून. हे मी कुणाला किळस यावी म्हणून लिहीत नाही. ज्याला किळस येते त्यानं आपल्या घरातल्या लग्नाच्या जुन्या अल्बमचं काय करायचं ते ठरवावं.

एक गंमत अजून सांगतो. एकोणिसाव्या शतकात विलायतेतल्या चित्रकारांत एक पिवळा रंग फार चालायचा, 'इंडियन यलो'. १८८३ साली टी. एन. मुखर्जी यांनी त्याची हकिकत नोंदवली. बिहारमध्ये मुंगेरजवळच्या मिर्झापूर गावात गाईंना आंब्याची पानं खायला घालायचे आणि त्यांचं मूत आटवून तो रंग काढायचे. म्हणजे बघा, गाय एकच. तिच्या मुताचा रंग साहेबाच्या दिवाणखान्यात. तिचं मूत भटाच्या पळीत. आणि तीच मेली की तिला ओढायला महार, तिचं कातडं कमवायला ढोर, त्याचं पायताण शिवायला चांभार. जनावर एकच असताना त्याच्या अवयवांची जात वेगवेगळी लावणारा हा जगातला एकमेव देश.

साहित्याला जात असते, हे मी आज शोधून काढलेलं नाही. आमच्या नांदगाव तालुक्यातच ते जाहीर सांगून झालंय. मनमाड आमच्या तालुक्यात येतं. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जीआयपी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. बाबासाहेबांनी तिथं कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्याला कापड खात्यात घेत नाहीत, हेही त्यांनी मांडलं. कारण काय, तर तुटलेला धागा जोडताना तोंडात धरावा लागतो. धाग्याला थुंकी लागते, थुंकीला जात लागते, म्हणून जास्त पगाराच्या मागावर अस्पृश्य नको. तो कमी पगाराच्या खात्यात चालतो. कॅनव्हास हे कापडच, हे मघाशी म्हटलं ते यासाठी. चित्र काढायला बसायच्या आधीच त्या कापडाच्या आडव्या-उभ्या धाग्यांत जात विणून झालेली असते.

आता थोडं मागं जाऊ. नांदगावहूनच. मनमाडहून औरंगाबादकडे जाणारी रेल्वे १९०० च्या सुमारास झाली. त्याआधी वेरूळची लेणी बघायला निघालेले साहेब लोक नांदगाव स्टेशनला उतरत आणि टांग्यानं वेरूळ गाठत. आज आमच्या स्टेशनवर ह्याची एक पाटीसुद्धा नाही. असू दे. पण नांदगावच्या पोरानं वेरूळ-अजिंठा ही दुसऱ्या कुणाची तरी मालमत्ता समजू नये, एवढ्यासाठी सांगतो.

अजिंठ्याची भिंत कशाची आहे? चिखलाची. लोहयुक्त माती, दगडाचा चुरा, वाळू, भाताचं तूस, गवत, झाडांचे तंतू असा कालवलेला गिलावा. त्यावर पांढरा पातळ हात. त्यावर रंग. तांबडा गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुन्याचा-शाडूचा पांढरा. रंग धरून ठेवायला पुन्हा आपला सरस. बहुतेक सगळं साहित्य आसपासचं, पायाखालचं. वेरूळच्या गिलाव्यात तर भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले सापडले, असा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. किडीला ते पचत नाहीत म्हणून तो गिलावा टिकला, असं त्या अभ्यासकांचं म्हणणं. म्हणजे चिखल तुडवणाऱ्याला वनस्पतिशास्त्र येत होतं. फक्त त्याला कुणी शास्त्रज्ञ म्हणत नव्हतं.

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात शिलालेख आहे. त्यात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचं नाव आहे, लेणं त्यानं दान दिलं म्हणून. सव्विसाव्या लेण्यात बुद्धभद्र भिक्षूचं नाव आहे. दात्यांची नावं दगडात कोरलेली. चिखल तुडवणाऱ्याचं, गेरू वाटणाऱ्याचं, पद्मपाणीच्या भुवईची ती एक रेघ ओढणाऱ्याचं नाव कुठंच नाही. ते आमचेच पूर्वज होते असला दावा मी करणार नाही. पुराव्याशिवाय पूर्वज शोधण्याचा धंदा ज्यांचा त्यांनी करावा. पण एवढं लक्षात ठेवा. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात अस्पृश्यतेचा उगम इसवी सन ४०० च्या आसपास धरला, आणि बौद्ध असणं व गोमांस खाणं ही तिची मुळं सांगितली. अजिंठ्याची ही वाकाटककालीन चित्रं पाचव्या शतकातली. एका डोंगरात बुद्ध रंगवला जात होता तेव्हा मैदानात बुद्धाच्या माणसांना गावाबाहेर काढायला सुरुवात झाली होती. ह्या दोन गोष्टी कलेच्या इतिहासात एका पानावर कुणी लिहीत नाही.

पुढं १८१९ मध्ये इंग्रज शिकाऱ्याला लेणी 'सापडली'. मग नकला काढणं सुरू झालं. रॉबर्ट गिलनं वर्षानुवर्षं खपून तैलरंगात नकला केल्या. त्यातल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन १८७२ ते १८८५ दरम्यान पुन्हा नकला करत बसले. त्यांतल्याही बऱ्याच १८८५ साली लंडनमध्येच जळाल्या. विलायतेचा टिकाऊ तैलरंग दोनदा जळाला. चिखल अजून डोंगरात उभा आहे. त्या चिखलाचं मात्र ह्या लोकांनी नुकसान केलं. चित्र उठून दिसावं म्हणून नकलाकारांनी मूळ भिंतीवर व्हार्निश चढवलं. नंतर १९२० च्या दशकात निजामानं बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी लाखेचं व्हार्निश फिरवलं. ते पिवळं पडलं. चिखलाच्या भिंतीला हवा लागते, ओल आत-बाहेर करावी लागते. तिच्यावर परक्या माध्यमाची चकचकीत साल चढवली की ती आतून गुदमरते.

हे माणसांच्या बाबतीतही खरं आहे.

अजिंठ्यात बाहेरून आलेला एकच रंग, निळा. तो 'लाजवर्द' दगडाचा, अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतला. सगळ्यांत महाग. युरोपात तो दगड सोन्याच्या तोलाचा समजत आणि त्याचा निळा मुख्यतः मेरीच्या वस्त्राला राखून ठेवत. मग १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये गिमे नावाच्या माणसानं तोच निळा भट्टीत बनवला. चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा. एका पिढीत राजाचा रंग धोब्याच्या बादलीत आला. आपल्या आया पांढऱ्या लुगड्याला, सदऱ्याला जी नीळ द्यायच्या, ती पुडीतली नीळ हीच. झाडाची नीळ वेगळी, ही भट्टीची. चुन्यात चिमूटभर हीच नीळ घालून आपल्या झोपड्यांच्या भिंती निळ्या झाल्या. १९४२ साली शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन निघालं, त्याचा झेंडाही निळाच. बदख्शानचा दगड आपल्याला कुणी दिला नसता. रसायनशास्त्रानं तो चार पैशांच्या पुडीत आणून दिला. म्हणून जे लोक 'मातीचे रंगच खरे, नैसर्गिक तेच आपलं' म्हणून सुस्कारे टाकतात, त्यांच्या नादी मी लागत नाही. ज्याला गाव गोड लागलं त्यानं गावाचे गोडवे गावेत. आम्हाला कारखान्यानं निळा दिला.

आता मुद्द्यावर येतो. आपल्या चळवळीतच ह्या प्रश्नावर दोन तट आहेत.

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी सांगितलं की मेलेली ढोरं ओढू नका, मृतमांस खाऊ नका. १९५६ नंतर तर गावोगाव आपल्या लोकांनी हलगी खाली ठेवली, ढोर ओढणं बंद केलं. मार खाल्ला, बहिष्कार सोसला, पण हात लावला नाही. हे सोपं नव्हतं. त्या नकारात आपल्या बापजाद्यांची अख्खी ताकद आहे. आणि आज त्यांचीच नातवंडं कातडं, झाडू, मडकं, दोर घेऊन आर्ट गॅलरीत उभी राहतात. एक तट म्हणतो, हे परत जाणं आहे. ज्याला लाथ मारली तेच उचलून बामणाच्या दिवाणखान्यात नेऊन ठेवताय. दुसरा तट म्हणतो, हा आपला वारसा आहे.

मला दोन्ही पटत नाहीत. बाबासाहेबांनी ढोर ओढायला नकार द्यायला सांगितला तो कातडं घाण आहे म्हणून नव्हे. जन्मानं लादलेलं, फुकटचं, बदल्यात माणूसपण काढून घेणारं काम म्हणून. घाण कातड्यात नव्हती, घाण करारात होती. आणि 'वारसा' म्हणणाऱ्यांनाही विचारतो, गळ्यातलं मडकं हा वारसा कसा काय झाला राव? तो गुन्ह्याचा पुरावा आहे. वारसा मिरवायचा असतो, पुरावा दाखल करायचा असतो. दोन्हीत फरक आहे, आणि तो फरक ज्याला कळला त्यानं खुशाल मडकं हातात घ्यावं.

नागपूरचे सवी सावरकर यांनी तो दाखल केला. पेशवाईतला अस्पृश्य, गळ्यात मडकं, कमरेला झाडू. हे त्यांनी एचिंगमध्ये आणलं. एचिंगमध्ये धातूच्या पत्र्यावर रेघ ओढतात आणि ॲसिडमध्ये बुडवतात. जिथं रेघ आहे तिथं ॲसिड धातू खातं. त्या विषयाला हेच माध्यम लागत होतं. प्रभाकर कांबळे यांनी 'उतरंड' नावानं मडक्यावर मडकं रचून जातीची चळत उभी केली. राज्यश्री गुडी यांनी मनुस्मृतीच्या प्रतींचा लगदा करून त्याची शिल्पं केली. १९२७ च्या २५ डिसेंबरला महाडला तोच ग्रंथ जाळला होता, त्या नकाराला दुसरं रूप मिळालं. २०१५ साली महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला आणि कातड्यावर जगणारे हात रिकामे झाले. तेव्हा सुधीर राजभर यांनी 'चमार स्टुडिओ' काढून धारावीतल्या कारागिरांच्या हातात टाकाऊ रबर दिलं. कातडं गेलं तरी हातातलं कसब गेलं नाही. विक्रांत भिसे मोर्चे, नामांतराचा लढा, पँथरचे दिवस कॅनव्हासवरच रंगवतात. सुधारक ओलवे यांनी मुंबईचे सफाई कामगार कॅमेऱ्यात आणले. आता सांगा, ह्यातलं 'दलित माध्यम' कुठलं? ॲसिड, माती, कागद, रबर, कॅनव्हास, फिल्म. एकाचं एक नाही. सगळी माध्यमं आपली आहेत, कारण सगळ्यांच्या खाली आपलं काम आहे.

पण गॅलरीवाल्यांना हे रुचत नाही. त्यांना दलित कलावंताकडून झाडूच पाहिजे. त्यानं निळ्या आकाशाचं चित्र काढलं, पेरूच्या फोडीचं चित्र काढलं, नुसत्या चौकोनाचं अमूर्त चित्र काढलं, तर म्हणतात, 'तुमचं ते वेगळं काही आणा ना.' तुमचं ते! म्हणजे पुन्हा ठरवून दिलेलं बलुतं. पूर्वी पाटील सांगायचा, ढोर ओढ. आता क्युरेटर सांगतो, ढोर आण. पांढऱ्या भिंतीचं गावकूस उभं केलं आणि त्यात आम्हाला जागा दिली, ती पण आमचं मडकं घेऊनच. ज्याला चौकोन काढायचाय त्यानं चौकोनच काढावा. बाबासाहेबांनी सूट घातला तेव्हा कुणाची परवानगी मागितली नव्हती.

आणि ज्यांना साहित्यातून काय बोलता येतं ते शिकायचं असेल, त्यांनी गॅलरीत जायची गरजच नाही. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उनाला मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या पोरांना गोरक्षकांनी गाडीला बांधून मारलं. मग सुरेंद्रनगरच्या लोकांनी काय केलं? मेलेली जनावरं गाड्यांत घालून कलेक्टर कचेरीपुढं नेऊन टाकली. तुमची माता, तुम्हीच उचला. कुठल्याही बिनालेत ह्यापेक्षा मोठं मांडणीशिल्प माझ्या ऐकिवात नाही. साहित्य तेच, हात तेच. फक्त उचलायला नकार दिला आणि टाकायची जागा बदलली. माध्यमाचा धडा एवढाच असतो.

पुतळ्यांचंही असंच. १९५० च्या ९ डिसेंबरला कोल्हापूरच्या बिंदू चौकात बाबासाहेबांचा पुतळा बसला, त्यांच्या हयातीत. १९६७ साली संसदेच्या आवारात बी. व्ही. वाघ यांनी घडवलेलं ब्राँझ उभं राहिलं. २०२४ मध्ये ते जागेवरून हलवून 'प्रेरणा स्थळा'त नेलं, तेही आपण पाहिलं. इंदू मिलला १०० फूट चौथऱ्यावर ३५० फुटांचा पुतळा उभारायचं काम धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे राम सुतार यांच्याकडं होतं. २०२५ च्या डिसेंबरात ते शंभरी गाठून गेले. ब्राँझ सरकारचं. वस्तीतला पुतळा मात्र सिमेंटचा, प्लास्टरचा, नाहीतर फायबरचा. बोट जरा जाड, चष्मा जरा वाकडा. त्याला हसणारे 'कलाप्रेमी' मी पाहिलेत. त्यांना सांगा, रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ ला चपलांचा हार अशाच वस्तीतल्या पुतळ्याला घातला गेला आणि त्यासाठी रस्त्यावर आलेल्यांवर गोळीबार होऊन दहा माणसं मेली. परभणीत १० डिसेंबर २०२४ ला पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची मोडतोड झाली. त्यानंतरच्या धरपकडीत सापडलेला सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मेला. तो कायदा शिकत होता. वडार समाजातला होता. म्हणजे ज्यांनी ह्या राज्याचे चौथरे, पायऱ्या, रस्ते दगड फोडून घातले त्यांच्यातला. दगड फोडणाऱ्याचं पोर संविधानाच्या प्रतिकृतीपायी मेलं. आता कुणी माझ्यासमोर 'माध्यमाची शुद्धता' म्हणून दाखवावं.

इथवर बाहेरच्यांना बोललो. आता घरच्यांना.

नांदगाव, मनमाड, येवला, चाळीसगाव, कुठंही जा. १४ एप्रिलला काय दिसतं? फ्लेक्स. चौकात फ्लेक्स, खांबावर फ्लेक्स, फ्लेक्सवर फ्लेक्स. वर बाबासाहेब टिकलीएवढे, खाली भावी नगरसेवक म्हशीएवढा. फ्लेक्स म्हणजे काय? पॉलिस्टरच्या जाळीवर पीव्हीसी प्लास्टिक. आठ दिवसांनी उतरतं आणि कुणाच्या झोपडीवर, नाहीतर कांद्याच्या ढिगावर जाऊन पडतं. गळक्या छपरातून नेत्याचं हसणं आत डोकावतं. जाळलं तर त्यातून आम्लाचा विषारी धूर निघतो, आणि जाळायला कोण असतं? कचऱ्याच्या डेपोवर कोण असतं? आपलीच माणसं. बाबासाहेबांच्या जयंतीचा धूर बाबासाहेबांच्याच लेकरांच्या छातीत.

ह्या फ्लेक्सनं काय खाल्लं ते पोरांना आज माहीत नाही. आमच्यासारख्या गावात पेंटर असायचा. कितीतरी ठिकाणी तो आपल्याच वस्तीतला असायचा. कॅलेंडरवरच्या बाबासाहेबांवर पेन्सिलीनं चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी भिंतीवर मोठ्या आखायच्या, आणि एकेक चौकट उतरवत न्यायची. डब्यातला ऑइलपेंट, टर्पेंटाईन, फाटक्या बनियनचं फडकं. आर्ट स्कूलची पायरी न चढलेल्या माणसानं बाबासाहेबांच्या चष्म्यातला प्रकाश एका पांढऱ्या फटकाऱ्यात आणावा. घोषणा लिहायच्या तर गेरू आणि चुना, वाखाचा कुंचला, रात्रीची वेळ. ती भिंत पुसायला पोलिसांना पुन्हा चुना मारावा लागायचा, आणि पहिल्या पावसात खालचा गेरू पुन्हा डोकं वर काढायचा. फ्लेक्सला ही जिद्द नाही. तो फाडला की संपला. फ्लेक्सचं यंत्र आलं आणि पंधरा-वीस वर्षांत तो पेंटर संपला. कुणी रिक्षा घेतली, कुणी घरांना रंग द्यायला लागला, कुणी दारूत गेला. त्याच्यासाठी एकाही जयंती समितीनं ठराव केला नाही.

यंत्राविरुद्ध मी नाही. निळ्याचा इतिहास मघाशी सांगितला. आपले अंकही सायक्लोस्टाईलच्या यंत्रानं निघाले. हातात स्टेन्सिल, बोटाला शाई, आणि प्रस्थापितांच्या गुळगुळीत मासिकांच्या छातीत धडकी. पण ते यंत्र आपण चालवत होतो. आपला मजकूर, आपलं वाकडंतिकडं अक्षर, आपली बोटं. फ्लेक्सच्या यंत्रापुढं आपण फक्त गिऱ्हाईक आहोत. एकच ठरलेला फोटो, एकच निळी छटा, एकच फाँट, फक्त खालचे चेहरे बदलायचे. ह्याला माध्यम म्हणत नाहीत, वर्गणीची पावती म्हणतात.

शाळेतल्या पोरांचं बघा. एलिमेंटरी, इंटरमिजिएट ह्या चित्रकलेच्या परीक्षा आपल्याकडं गावोगाव होतात. आमच्या वेळी एका शाळेत पोस्टर कलरची पेटी नाही म्हणून वस्तीतली पोरं वर्गाबाहेर उभी केली जायची. चित्रकलेचे मास्तर म्हणायचे, 'साहित्य नाही तर कला कशी येणार?' मास्तरांचं वाक्य अगदी बरोबर होतं. फक्त ते वाक्य पोरांना नाही, सरकारला म्हणायला पाहिजे होतं. आर्ट स्कूलात राखीव जागा मिळते. पण कॅनव्हास, ब्रश, रंग, प्रिंटचा कागद राखीव मिळत नाही. दर वर्षी आपली किती पोरं रंगाच्या खर्चापायी मधूनच परततात, ते वस्तीत विचारून बघा.

म्हणून दोस्तांनो, तीन गोष्टी. भाषण नाही, काम.

एक. येत्या जयंतीला आपापल्या समितीत उभं राहा आणि फ्लेक्सचं बजेट निम्मं करायला लावा. उरलेल्या पैशात एक भिंत घ्या आणि वस्तीतला जुना पेंटर शोधून काढा. त्याला पूर्ण मजुरी द्या. 'समाजासाठी कर' म्हणून फुकट राबवू नका. फुकट राबवायचं ते बलुतं, मग ते पाटलानं मागितलेलं असो की आपल्या अध्यक्षानं. त्याच्या हाताखाली चार पोरं बसवा. चौकटी आखायला शिकू द्या.

दोन. प्रत्येक वस्तीत रंगांची एक पेटी सार्वजनिक करा. वाचनालयात पुस्तकं असतात तशी ब्रश, रंग, कागद. परीक्षेच्या दिवशी एकही पोर वर्गाबाहेर उभं राहता कामा नये. आणि त्या पोरानं काय काढावं हे आपणही सांगायचं नाही. मोर्चा काढेल, बाभूळ काढेल, नाहीतर रेल्वेचं इंजिन काढेल.

तीन. पुतळा बसवाल, भिंत रंगवाल, विहाराचं तोरण उभाराल, तिथं देणगीदारांची फरशी लागतेच. त्या फरशीवर तेवढ्याच मोठ्या अक्षरात गवंड्याचं नाव लिहा, दगड घडवणाऱ्या वडाराचं लिहा, वेल्डरचं लिहा, पेंटरचं लिहा. अजिंठ्यात मंत्र्याचं नाव राहिलं आणि चिखल तुडवणाऱ्याचं गेलं. दीड हजार वर्षं झाली. आपणही तीच फरशी पुन्हा कोरणार असू, तर मग आपल्यात आणि वराहदेवात फरक तो काय?

हे तिन्ही करायला कुठल्या अकादमीची परवानगी लागत नाही, अनुदान लागत नाही. चुना आहे, गेरू आहे, नीळ आहे. भिंती आपल्याच बापांनी बांधल्यात.

जय भीम.